रस्ता रिकामा नसतो

मोकळ्या रस्त्याचा फोटो हा खोटा फोटो आहे. निदान आपल्या महाराष्ट्रात तरी तो खोटाच असतो. दोन्ही बाजूंना हिरवी शेते, मधून क्षितिजापर्यंत गेलेला काळा डांबरी पट्टा, वर भरून आलेले आभाळ आणि चौकटीत एकही माणूस नाही, असा रस्ता माझ्या भागात मी पाहिलेला नाही. फोटो मात्र रोज पाहतो. मोटारीच्या जाहिरातीत तोच, पर्यटन विशेषांकाच्या मुखपृष्ठावर तोच, मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ तोच. त्याच्याखाली शहराच्या कंटाळ्याविषयी, स्वतःच्या शोधाविषयी, वाट नेईल तिकडे जाण्याविषयी दोन-चार ओळी असतात. ते पाहून, वाचून पुण्या-मुंबईतल्या पोराला वाटते, गाडी काढावी आणि निघावे.

ही ओढ खोटी नाही. तिची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. फोटो आणि पुस्तके यांनीच मलाही घराबाहेर काढले, अनोळखी गावांत नेले. माझे भांडण आहे ते ही ओढ जागवण्यासाठी रस्त्यावरची माणसे उचलून चौकटीबाहेर ठेवणाऱ्या छायाचित्रकारांशी आणि प्रवासलेखकांशी. बाहेर ठेवलेली ती माणसे मला रोज दिसतात, कारण मी टेंभुर्णीत राहतो.

टेंभुर्णी हे माढा तालुक्यातले गाव पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्याहून सुमारे १६५ किलोमीटरवर आहे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग ९ होता, आता त्याचा क्रमांक ६५ आहे. पुण्यातून निघतो तो सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत मछलीपट्टणला समुद्रापाशी संपतो. टेंभुर्णीत त्याला वाटा फुटतात. एक करमाळ्यावरून नगरला, एक कुर्डुवाडी-बार्शीवरून लातूरला, एक पंढरपूरला, एक अकलूजला. रस्ता चौपदरी झाल्यापासून लांब पल्ल्याच्या बहुतेक मोटारी गावात शिरत नाहीत. शिरतात ती कामाची वाहने. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, कंदरच्या पट्ट्यातली निर्यातीची केळी बंदराकडे नेणारे कंटेनर, दुधाचे टँकर, एमआयडीसीची पाळी सुटली की दुचाक्यांचा लोंढा, एसटी, मेंढरे घेऊन चाऱ्यामागे निघालेले धनगर आणि आषाढी-कार्तिकीला दिंड्या. मध्यरात्रीही हा रस्ता निजत नाही. एवढ्या गर्दीतून मोकळा रस्ता मिळवायचा, तर तो खोटेपणानेच मिळवावा लागतो.

तो कसा मिळवतात, हे मी गेल्या गळीत हंगामात माझ्या डोळ्यांनी पाहिले. करमाळा रस्त्याच्या कडेला उसाचा ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीचा टायर बसला होता. ड्रायव्हर जॅक लावत होता आणि टोळीतली दोन बायामाणसे लेकरांना घेऊन ट्रॉलीच्या सावलीला बसली होती. पुण्याकडची एक गाडी थांबली, चार तरुण उतरले. पुढे रस्ता सरळ होता, ऊन कलले होते, उजेड छान होता. त्यांच्यातला एक जण ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, पाच मिनिटं गाडी जरा पुढे घेता का? फ्रेममध्ये येतेय." ड्रायव्हर म्हणाला, "टायर बसलाय साहेब, हलत न्हाई." मग त्यांनी तसाच फोटो काढला. काढून झाल्यावर तो मुलगा बोनेटला टेकून उभा राहिला आणि त्याने मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवले. ट्रॉली गेली. बाया गेल्या. लेकरे गेली. त्यांच्या जागी थोडे गवत आणि थोडे आभाळ आले. त्याने तो फोटो मित्रांना दाखवला आणि सगळे खूश झाले. मी शेजारी उभा राहून पाहत होतो, आणि माझा संताप अजून शमलेला नाही.

त्या मुलाचा दोष मी फार मानत नाही. त्याने आजवर रस्त्याचे जेवढे फोटो पाहिले, त्यांत ट्रॉली नव्हतीच. रस्ता कसा दिसायला हवा, हे त्याला आधीच शिकवून झाले होते. शिकवणारे दोषी आहेत.

ज्यांना त्याने पुसले, ती माणसेही दरसाल लांबच्या प्रवासाला निघतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतून बिऱ्हाडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा या धंद्यातला हिशेब. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, चूल, पाण्याचे ड्रम, शेळी, कोंबड्या, म्हातारी आई आणि शाळेतून काढलेली पोरे. सोलापूर जिल्हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी, त्यामुळे त्यांतली पुष्कळ बिऱ्हाडे आमच्या बाजूला येतात. फडाजवळ कोपी उभी राहते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेच घर. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, गाडी रात्री-अपरात्री भरते. मग भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्याला लागते. तिच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला असतो, आणि मागून भरधाव येणाऱ्या गाडीला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. सुंदर, सरळ, मोकळ्या रस्त्याच्या फोटोवर विश्वास ठेवून जो माणूस रात्री शंभरच्या वेगाने या रस्त्यावर येतो, त्याला कुणीतरी आधी ट्रॉली दाखवायला हवी होती. फोटोतून काढून टाकल्याने ट्रॉली रस्त्यावरून जात नाही.

हे दुखणे फक्त आपले नाही. ज्या अमेरिकेकडून आपण रोड ट्रिप हा शब्द आणि तिचे चित्र घेतले, त्या अमेरिकेचे रस्त्याचे मूळ चित्र पाहावे. १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँग ही छायाचित्रकार सरकारी काम संपवून कॅलिफोर्नियात घरी परतत होती. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली. ती थांबली नाही, पुढे गेली. तब्बल वीस मैल गेल्यावर तिने गाडी वळवली आणि परत आली. तिथे तिला तंबूत लेकरांसह बसलेली, पीक गोठल्याने काम गेलेली एक आई भेटली. विसाव्या शतकातले सर्वांत प्रसिद्ध फोटो मोजायला बसले, तर त्यांत त्या आईचा फोटो येतोच. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३९ मध्ये, जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' आली. सहासष्ट नंबरच्या महामार्गावरून पश्चिमेला निघालेल्या, जमिनी गेलेल्या कुळांची ती कादंबरी. म्हणजे ज्या रूट ६६ वर आज जगभरचे हौशी लोक भाड्याच्या मोटारसायकली घेऊन जातात, तो साहित्यात आला तो भुकेल्या माणसांचा रस्ता म्हणून. त्या रस्त्याचे आज जे विकले जाते, त्यात रंगीत पाट्या आहेत, जुने पेट्रोलपंप आहेत. बिऱ्हाडे नाहीत.

छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकचेही तेच केले गेले. १९५५ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती घेऊन त्याने जुनी गाडी अमेरिकाभर फिरवली. 'द अमेरिकन्स' हे पुस्तक १९५८ मध्ये आधी पॅरिसला निघाले, पुढच्या वर्षी अमेरिकेत निघाले, आणि त्याची प्रस्तावना लिहिली 'ऑन द रोड'च्या जॅक केरुआकने. त्या पुस्तकातला न्यू मेक्सिकोतला रात्रीचा सरळ महामार्ग सगळ्यांना पाठ आहे. मोकळ्या रस्त्याच्या हजारो नकला त्याच्यावरूनच निघाल्या. पण फ्रँकने त्याच्या आधी कोणता फोटो ठेवला होता, हे नकला करणारे सांगत नाहीत. रूट ६६ वरचा अपघात आहे तो. बर्फाळ कडेला घोंगडीखाली झाकलेला देह आणि भोवती उभी असलेली चार माणसे. ते पान उलटले की मग रस्ता येतो. फ्रँकने रस्त्याची ओढ आणि रस्त्याची किंमत शेजारी-शेजारी ठेवली. नकलाकारांनी एक पान फाडून घेतले आणि दुसरे टाकून दिले.

आणि आपण? आपल्याला रस्त्याचे वेड अमेरिकेने लावायची गरजच नव्हती. चालत्या माणसांचे एवढे साहित्य ज्या भाषेत आहे, त्या भाषेने रोड ट्रिपची उसनी चित्रे भिंतीवर लावावीत, याची मला लाज वाटते. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. १८५७ साली वरसईहून हा गरीब ब्राह्मण निघाला तो देशाटनाची हौस म्हणून निघाला नव्हता. घरावर कर्ज होते आणि उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, अशी खबर होती. वाटेत बंड पेटले, तो झाशीत अडकला, लुटला गेला, आणि गंगेची कावड घेऊन परत आला. त्याच्या पुस्तकात घाट आहेत, नद्या आहेत, पण प्रत्येक मुक्कामावर कुणी आश्रय दिला, कुणी हाकलले, काय खाल्ले, किती पैसे राहिले, हे आहे. १९०७ मध्ये ते पुस्तक छापून आले आणि तेव्हापासून मराठी वाचकाला रस्ता कसा वाचायचा हे ठाऊक असायला हवे होते.

इरावती कर्वे आळंदीहून पंढरपूरला चालत गेल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतल्या एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकात आले आणि वारीचा अभ्यास करणारा जगातला प्रत्येक जण आजही तिथून सुरुवात करतो. त्या लेखात आनंद किती आहे! चालण्याचा, गाण्याचा, अनोळखी बायकांशी झालेल्या मैत्रीचा आनंद. पण एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे चालतात, वेगळे जेवतात, हे बाईंनी पाहिले आणि ते सलले म्हणून लिहिले. त्या सलाने लेखातली चालण्याची ओढ कमी झाली का? उलट तो लेख वाचून माणूस वारीला जावेसे म्हणतो, कारण त्यात वारी पुरी आहे. दि. बा. मोकाशींच्या 'पालखी'चे तेच. १९६४ चे ते पुस्तक श्रद्धा आणि शंका दोन्ही खांद्यांवर घेऊन चालणाऱ्या लेखकाने लिहिले आहे. त्यात चिखल आहे, थकवा आहे, माणसांची चिडचिड आहे. मी कुणालाही रस्त्याची ओढ लावायची झाली तर अजूनही तेच पुस्तक हातात देतो.

आमच्या शेजारचा माणदेश घ्या. 'बनगरवाडी' १९५५ ची. एक पोरसवदा मास्तर पहाटे चालत एका धनगरवाडीत येतो, तिथून कादंबरी सुरू होते. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडीच रस्त्याला लागते, जगायला निघून जाते. व्यंकटेश माडगूळकरांनी एकाच रस्त्यावर येणारा आणि जाणारा असे दोन्ही प्रवास दाखवले. ते माळ पाहायला मी सायकलवरून गेलो होतो तो त्या कादंबरीच्या जोरावर. आणि गो. नी. दांडेकर! 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचून किती मराठी माणसांनी नर्मदेची परिक्रमा मनात धरली असेल. त्या पुस्तकातला परिक्रमावासी रोज कुणाच्या तरी दारात उभा राहतो, मागून खातो. त्याची भूक वाचकाला लागते. साहित्याने ओढ लावली ती अशी: मुक्काम दाखवून, दार दाखवून, दार उघडणाऱ्याचा चेहरा दाखवून.

आजचे प्रवासलेखन उघडा. किलोमीटर, गाडीचे ॲव्हरेज, टोल किती लागला, कुठल्या हॉटेलात स्वच्छतागृह चांगले, सूर्यास्त कुठून छान दिसतो. मुंबई सोडल्यापासून हंपी येईपर्यंत लेखकाला एक माणूस भेटत नाही. भेटला तर तो चहावाला असतो, त्याला नाव नसते आणि तो नेहमी हसरा असतो. टेंभुर्णी अशा लेखांत एका ओळीत येते, तीही बहुधा जेवण कुठे केले हे सांगताना. उजनीची मासे-थाळी, चिलापीचे कालवण, ज्वारीची भाकरी. चिलापी कुणी पकडली, जाळे कुणाचे, पाणी कुणाच्या शेतावर उभे आहे, हे विचारायला लेखकाला वेळ नसतो. त्याला संध्याकाळपर्यंत विजापूर गाठायचे असते.

मला या पाण्यावर थांबायचे आहे, कारण आमच्या भागातले सर्वांत देखणे फोटो याच पाण्याचे असतात. टेंभुर्णीहून पुण्याकडे निघाले की काही किलोमीटरवर भीमा नदीवरचे उजनी धरण लागते. १९८० मध्ये ते पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यांतला वापरता येणारा साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास, बाकीचा मृतसाठा. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' अशा बातम्या येतात. वापराचे पाणी संपून धरण तळाच्या साठ्यावर आले, हा त्यांचा अर्थ. धरणाचे फुगवटा-पाणी इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत तालुक्यांत पसरले आहे. त्या पाण्याखाली गावे आहेत. काळीभोर जमीन होती ती गेली, नदीकाठची घरे, पार, मसणवटे गेले, माणसे उठून वरच्या माळावर वसली.

हिवाळ्यात या पाण्यावर रोहित पक्षी येतात. भिगवण, कुंभारगावला पहाटे गाड्यांची रांग लागते, लांब नळीच्या लेन्स निघतात, आणि गुलाबी पंखांचे फोटो जगभर जातात. पक्षी सुंदर आहेत. तिथल्या नावाड्यांना त्यातून चार पैसे मिळतात, याचा मला आनंदच आहे. पण होडी वल्हवणारा ज्या पाण्यावर होडी चालवतो, त्याखाली त्याच्या आजोबांचे शेत असू शकते. हे त्याला विचारणारा एखादाच निघतो. बाकीचे त्याला सांगतात, होडी जरा डावीकडे घ्या, मागे तारा येतायत.

उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. मंदिर पायापर्यंत मोकळे झाले आणि लोटच्या लोट लोक फोटो काढायला आले. ड्रोन उडाले. भेगाळलेला गाळ, त्यात काळ्या दगडाचे शिखर, वर उन्हाने पांढरे पडलेले आभाळ. त्या फोटोंनी पुष्कळांना पुणे-सोलापूर रस्त्याला आणले. ज्या दुष्काळाने ते मंदिर बाहेर काढले, त्याने त्याच दिवसांत करमाळा-माढ्याच्या केळीबागा आणि ऊस वाळत होते, पाण्यापर्यंत पोचायला शेतकरी गाळात पाईपवर पाईप जोडत पुढे सरकत होते. तो फोटो मला कुठल्या प्रवासपानावर दिसला नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात, २१ मेच्या संध्याकाळी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यात लहान मुलेही होती. ती माणसे सहलीला निघाली नव्हती. धरणाने मधला रस्ता गिळल्यापासून पलीकडच्या नातलगाकडे, दवाखान्यात, बाजाराला जायचे तर एक होडीचा रस्ता आहे, नाहीतर गाडीने लांबचा वळसा आहे. पाण्यावरचा हा रस्ता इथल्या लोकांचा रोजचा रस्ता आहे. त्याच पाण्याचे एवढे फोटो निघाले, एवढे लेख लिहिले गेले. त्यांतल्या एकाने तरी अपघाताआधी ही होडी, तिच्यात नसलेली लाइफ जॅकेट आणि तिच्यात दाटीने बसलेली माणसे नीट दाखवली असती, तर काही बदलले असते का? मला माहीत नाही. पण दाखवणे हेच ज्यांचे काम, त्यांना हा प्रश्न मी विचारणारच.

वारीचेही हल्ली हेच होऊ लागले आहे. वारीचे फोटो काढणे मोठी परंपरा आहे. संदेश भंडारे यांनी वारीत मिसळून टिपलेली 'वारी: एक आनंदयात्रा' पाहिली की चेहऱ्यावरचा घाम, पायाची भेग, भाकरी थापणारे हात दिसतात, आपणही शेजारी बसलो आहोत असे वाटते. २०११ मध्ये उद्धव ठाकरे यांचे 'पहावा विठ्ठल' आले, त्यात वारी आकाशातून दिसली. रस्ताभर पसरलेला तो जनसागर वरून पाहणे हा तोवर न मिळालेला अनुभव होता, त्याचे मोल मी नाकारत नाही. पण पाठोपाठ ड्रोन स्वस्त झाले आणि आता जो तो वरूनच पाहतो. रिंगण म्हणजे एक वर्तुळ, दिंडी म्हणजे एक पांढरी रेघ, माणूस म्हणजे एक ठिपका. ठिपक्याला तहान लागत नाही, त्याला शौचालय लागत नाही, त्याला रात्री पावसात झोपायला कोरडी जागा लागत नाही. ज्या बाईच्या डोक्यावर तुळस आहे, ती सबंध वाट कुठे आडोशाला जाते, हा प्रश्न उंचावरून दिसत नाही. पालखी मार्ग ९६५ आणि ९६५-जी या क्रमांकांनी चौपदरी होत आहेत, वारकऱ्यांसाठी कडेला वेगळी पायवाट आखली आहे, त्याचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी केले. त्या रुंद रस्त्याचेही वरून काढलेले झकपक फोटो येतात. त्याच्यासाठी तोडलेल्या जुन्या वडांच्या सावलीला बसून मोठी झालेली माणसे त्या फोटोंपुढे गप्प बसतात, कारण सावलीचा फोटो काढायला तेव्हा कुणी आले नव्हते.

यावर मला नेहमी सुनावले जाते की, माणूस चार दिवस सुटका म्हणून बाहेर पडतो, त्याला तुम्ही तिथेही दारिद्र्य दाखवणार का? प्रत्येक सुंदर चित्रात एक दुःखी चेहरा कोंबायचा का?

मुळीच नाही. ऊसतोड मजूर दुःखी चेहऱ्याचे प्रदर्शन मांडून बसलेला नसतो. त्याच्या टोळीत रात्री गाणी होतात, पोरांची लग्ने ठरतात, भांडणे होतात. माझे मागणे एवढेच आहे की रस्ता जसा आहे तसा दाखवा. रघुबीर सिंह यांनी हे किती साधेपणाने केले! हिंदुस्थान अँबेसडरमध्ये बसून त्यांनी भारतभर फोटो काढले. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये, 'अ वे इनटू इंडिया' या नावाने आले. त्यांनी गाडीची काच, दार, आरसा फोटोतच ठेवला. पाहणाऱ्याला कळते की आपण गाडीत बसलो आहोत आणि बाहेर एक जग चालू आहे, ज्याला आपली वाट पाहायचे कारण नाही. त्या फोटोंत रंग आहेत, गर्दी आहे, खेळ आहे, आणि ते पाहून प्रवासाला निघावेसे मला आजही वाटते. सौंदर्य आणि माणसे यांचे वैर आहे, असे ज्याला वाटते त्याने ते पुस्तक पाहावे.

उलट, रिकामा रस्ता दाखवून जागवलेली ओढ टिकतच नाही. ती पोरे इथे येतात, रस्ता त्यांना फोटोसारखा सापडत नाही, मग ती वैतागतात. ट्रॅक्टरवर हॉर्न मारतात, दिंडीला शिव्या देतात, धनगराच्या मेंढरांतून गाडी घुसवतात. खेड्यातल्या चौकात थांबावे लागले की त्यांना फसवल्यासारखे वाटते. फसवलेच आहे त्यांना. त्यांना एक रिकामा देश दाखवून भरलेल्या देशात सोडून दिले आहे, आणि भरलेल्या देशात कसे वागायचे हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

लँगचे एक मात्र मला सलते. त्या आईचा फोटो तिने काढला आणि नाव विचारले नाही, असे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. त्या आईचे नाव फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळले, आणि तेव्हा ती म्हणत होती की त्या फोटोने मला काहीच दिले नाही. बेचाळीस वर्षे तिचा चेहरा पुस्तकांत आणि संग्रहालयांत होता आणि ती कुठल्यातरी कॅलिफोर्नियाच्या गावात निनावी राबत होती. म्हणजे जी छायाचित्रकार वीस मैल गेल्यावर परत फिरली, तिनेही अर्धेच काम केले. आजचे बहुतेक जण तर परत फिरतही नाहीत.

म्हणून छायाचित्रकारांना आणि प्रवास लिहिणाऱ्यांना टेंभुर्णीहून माझे सांगणे आहे. तुमच्या चौकटीत ट्रॉली आली तर येऊ द्या. फोटोखाली गावाचे नाव घाला. 'महाराष्ट्रातला एक रस्ता' असे लिहू नका. माणसाचा फोटो काढण्याआधी त्याला विचारा, आणि काढला तर त्याची एक प्रत त्याच्या हातात पडेल असे बघा. मोबाईलच्या दुनियेत ते दोन मिनिटांचे काम आहे. संपादकांनो, पर्यटन विशेषांकाच्या मुखपृष्ठावर पुढच्या दिवाळीला एखादा गजबजलेला रस्ता छापा. विकला जाणार नाही, अशी भीती वाटत असेल तर ती भीती तुमच्या वाचकाने नाही, तुम्हीच पेरलेली आहे.

आणि वाचका, तू ये. गाडी काढ, निघ. निघण्याआधी मोकाशींची 'पालखी' वाच, कर्व्यांचा लेख वाच. दिवाळीनंतर ये, म्हणजे गळीत हंगाम चालू असतो. मुख्य रस्ता सोडून गावात शीर. ट्रॉली पुढे असली तर हॉर्न मारू नकोस, तिच्या मागे दिवा नसला तर ड्रायव्हरला गाठून सांग, आणि तो चहा पाजतो म्हणाला तर नको म्हणू नकोस.